चौदा नंबरचा उंदीर

"...म्हणजे आठवण मेंदूत कुठे साठते, हे मी दोन वर्षांत दाखवून देईन. अजून काय पुरावा हवा, मॅडम?"

सारंग वझरकर मुलाखतीला आला होता. उंदरांच्या मेंदूत आठवणी कशा टिकतात, यावर आठल्येबाई आयुष्यभर संशोधन करत होत्या. त्यांच्या प्रयोगशाळेत एकच जागा रिकामी होती. तिच्यासाठी सारंगने परदेशातलं बोलावणं नाकारलं होतं.

बाईंनी त्याची फाईल मिटली. पिंजऱ्याकडे बोट केलं.

"हा चौदा नंबर. याला हातावर घे."

सारंगने झपकन हात घातला. उंदीर कोपऱ्यात आक्रसला आणि कडकडून चावला. सारंगच्या विद्यापीठातल्या सुवर्णपदकाचं त्याला काय सोयरसुतक!

"उद्या ये," बाई म्हणाल्या. "अत्तर न लावता."

"पण माझी निवड..."

"घाबरलेला उंदीर काही शिकत नाही. आधी त्याला तुझा हात ओळखू दे. मग बोलू."

दुसऱ्या दिवसापासून एवढंच काम. हात पिंजऱ्यात नुसता ठेवायचा, पकडायचं नाही. सारंग मनातल्या मनात चरफडला, पण आला.

पाचव्या दिवशी उंदराने बोट हुंगलं. सातव्या दिवशी सारंग त्याच्याशी गप्पा मारताना सापडला. बाईंनी न ऐकल्यासारखं केलं.

नवव्या दिवशी चौदा नंबर आपणहून तळहातावर चढला. अंगाचं मुटकुळं केलं आणि झोपला. सारंगचा हात अवघडला, तरी त्याने हलवला नाही. पदक घेतानाही त्याला इतका आनंद झाला नव्हता.

"छान," बाई म्हणाल्या. "उद्यापासून प्रयोग सुरू. पहिली शस्त्रक्रिया याचीच. मेंदूत तारा बसवायच्या."

सारंगने उंदीर झोपलेला तळहात छातीशी घेतला.

म्हणाला, "मॅडम, याच्याऐवजी दुसरा नाही का मिळणार?"

विचारलं, आणि त्याला वाटलं, गेली जागा.

बाईंनी खणातून नेमणुकीचं पत्र काढलं. सही केली. त्याच्या मोकळ्या हातात दिलं. मग झोपलेल्या उंदराच्या पाठीवरून एक बोट हळूच फिरवलं.

"मिळेल की, बाळा. नऊ दिवसांनी तोही असाच तुझ्या हातावर झोपेल."