किल्लीची तहकुबी

मुलींसाठी शौचालय बांधण्याचा विषय निघाला की शाळासमितीचे अध्यक्ष दाजीसाहेब खराडे इंग्रजी फेकायचे. जूनमध्ये त्यांनी सभा ‘ॲडजर्न’ केली, ऑगस्टमध्ये विषय ‘पोस्टपोन’ केला. आज दोन पेले ताक रिचवून त्यांनी तो विषय ‘सस्पेंड’ केल्याचं जाहीर केलं आणि ते घाईघाईने उठले, तर ऑफिसच्या शौचालयाला कुलूप!

“शेवंताबाई, किल्ली आणा!”

शाळेच्या शिपाई शेवंताबाई जागच्या हलल्या नाहीत. “साहेब, किल्लीचा विषय मी पुढच्या सभेवर ढकललाय. तोवर आपल्या पोरी करतात तसं करा.”

“काय करतात?”

“सकाळपासून पाणी पीत नाहीत.”

दाजीसाहेबांची मान खाली गेली. टेबलावरचा रिकामा पेला त्यांना बघवेना.

शेवंताबाईंनी किल्ली पुढे केली. ती न घेताच ते खुर्चीत परत बसले आणि साध्या मराठीत म्हणाले, “आधी ठराव लिहा.”