दोन झऱ्यांची बिअर

फार पूर्वी एका डोंगरावर दोन गावं होती. एक वरच्या अंगाला, एक खालच्या. दोन्ही गावांत जवाची बिअर होत असे. वरच्या गावाची काळी, खालच्या गावाची सोनेरी.

वरचे लोक मोड आलेले जव भट्टीवर खरपूस भाजत. त्यांची बिअर काजळासारखी, वर साईसारखा जाड फेस. खालचे लोक तेच जव मंद आचेवर नुसते सुकवत. त्यांची बिअर इतकी नितळ की पेल्यातून पलीकडचा माणूस दिसे. वाडवडील असंच करत आले होते. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

वरच्या गावची भट्टी चिमाक्का चालवी. हाताला चव, जिभेला धार आणि मान कायम ताठ.

एक दिवस दवंडी आली. राणीसरकार सुगीच्या जत्रेला येणार, दोन्ही गावांची बिअर चाखणार. डोंगरावरचं लाकूड संपत चाललं होतं. म्हणून जी बिअर राणीला आवडेल तिची भट्टी राहील, दुसरी विझेल.

गावात धांदल उडाली. चिमाक्काला झोप येईना. तिची आजी त्या भट्टीपाशी म्हातारी झाली होती. ती विझली तर घरात उरणार काय?

"राणी सोन्याच्या ताटात जेवणारी," ती जावेला म्हणाली. "तिच्यापुढे हे काळं पाणी ठेवू? आपणही सोनेरीच करायची. येसबापेक्षा पिवळी."

येसबा म्हणजे खालच्या गावचा भट्टीवाला.

"आणि सुगीच्या कामकऱ्यांना काय देणार?" जाऊ म्हणाली. "तुमची ती पिवळी त्यांच्या घशाला लागायचीसुद्धा नाही."

"त्यांच्यासाठी एक पिंप काळी कर तू. मला त्यात ओढू नकोस."

चिमाक्काने जव मंद आचेवर सुकवले. आपल्या झऱ्याचं पाणी घातलं, वेलाची कडू फुलं टाकून उकळलं, गार झाल्यावर आंबवलं आणि पिंप गुहेत ठेवलं. जत्रेच्या सकाळी पिंप उघडलं, तर आत लख्ख सोनं. ती हरखून गेली. बायका बघायला धावल्या. कुणी म्हणालं, आता येसबाने भट्टीत कोंबड्या पाळाव्यात.

त्या डोंगरावर एक रीत होती. पाहुण्याने पेला तोंडाला लावेपर्यंत गाळणाऱ्याने आपली बिअर चाखायची नाही, कारण आपल्या बिअरपुढे आपलीच जीभ खोटं बोलते. नव्या पिंपाचा पहिला पेला दुसऱ्या गावच्या भट्टीवाल्याला द्यायचा. आणि त्याने खरं तेच सांगायचं.

चिमाक्काने येसबाला पेला दिला. त्याने रंग पाहिला, वास घेतला, एक घोट घेतला. मग पेल्याकडे बघत गप्प उभा राहिला.

"बोल की. दातखीळ बसली का?"

"अक्का, ही राणीपुढे ठेवू नकोस."

"का?"

"कडू झालीय. फुलांचा कडवटपणा जिभेवरून जात नाही. तुझा झरा चुनखडीतून येतो. त्या पाण्याला भाजलेलेच जव मानवतात. माझ्या आईने एकदा आमच्या झऱ्याच्या, चुना नसलेल्या मऊ पाण्यात तुमच्यासारखी काळी केली होती. इतकी आंबट निघाली की बैलांनीही तोंड फिरवलं."

चिमाक्का हसली. "वा रे वा. माझी विझली की तुझी राहते, हे मला कळत नाही होय?"

"कळतं. मलाही कळतं. म्हणूनच इतका वेळ गप्प होतो." येसबाने पेला खाली ठेवला. "रीत आहे म्हणून बोललो. पुढे तुझी तू."

तो गेला. खाली ढोल वाजू लागले, राणीची पालखी वळणावर दिसली. चिमाक्का दोन पिंपांमध्ये उभी. एकात सोनं, एकात काजळ. येसबा खोटं बोलला असेल तर सोनं सोडून ती आपल्या हाताने भट्टी विझवत होती. तिने पुन्हा सोनेरी पेला उचलला. ओठांपर्यंत नेला, रीत आठवून खाली ठेवला.

मग तिला त्याची ती चुप्पी आठवली. खोटं बोलणारा इतका वेळ घेत नाही.

"काळं पिंप उचला," ती म्हणाली.

"लोक हसतील," जाऊ म्हणाली.

"हसू दे."

लोक हसलेच. येसबाची बिअर राणीने एका दमात संपवली होती आणि चोपदार ओरडत होता, "वरच्या गावची नवी सोनेरी!" तेवढ्यात चिमाक्का काळा पेला घेऊन पुढे आली.

"सोनेरी कुठे आहे?" राणीने विचारलं.

"फसली, राणीसरकार. दुसऱ्याची नक्कल करायला गेले. खालचा झरा वेगळा, आमचा वेगळा. आमच्या पाण्याची बिअर ही."

राणीच्या आचाऱ्याला राहवलं नाही. त्याने जत्रेच्या कडेला उतरवून ठेवलेल्या सोनेरी पिंपातला हळूच एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं करत चूळ भरायला पळाला. आता सगळी जत्रा पोट धरून हसली. चिमाक्काची मान पहिल्यांदाच खाली गेली.

राणी हसली नाही. तिने काळा पेला तोंडाला लावला. एक घोट. थांबली. दुसरा घोट. मग पेला उपडा केला, थेंबही पडला नाही. राणीच्या ओठावर फेसाच्या मिशा.

"ही थंडीत हवी," ती म्हणाली. "आणि खालची उन्हाळ्यात. मला वाटलं होतं, एका डोंगराला एक भट्टी पुरे. पाणी दोन आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही राहू द्या. एकीने उन्हाळाभर पेटायचं, दुसरीने थंडीभर. लाकूड पुरेल."

ढोल असे कडाडले की पालखीचे भोई दचकले. चिमाक्का गर्दीतून वाट काढत येसबापाशी गेली आणि काळ्या बिअरचा पेला त्याच्या हातात दिला.

"पी. आणि खरं सांग."

तात्पर्य: शेजाऱ्याचा रंग बघून आपला झरा बदलत नाही. आपल्या पाण्याला मानवेल तेच करावं. आणि स्वतःचं नुकसान सोसून खरं बोलणारा भेटला, तर त्याचं ऐकावं.