मच्छिंद्रची दुरुस्ती

गाव तालुक्याचं होतं, कॉलेज गावाबाहेर माळावर होतं, आणि त्या कॉलेजात एक भोळा विद्यार्थी होता. त्याचं नाव मच्छिंद्र ढोकचौळे. तो एम.एस्सी. गणिताला होता. भोळा असून एम.एस्सी.पर्यंत कसा पोचला, असं विचारू नका. आपल्याकडे पोचतात.

त्याच्या वडिलांची एसटी स्टँडसमोर रसवंती होती. मागल्या वर्षी मच्छिंद्र प्रॅक्टिकलला नापास झाला, तेव्हा ते म्हणाले, "आता एकदाच बघतो. पास झाला तर शीक. नाही तर माझ्यासंगं चरकावर उभा ऱ्हा." मच्छिंद्रला गणित जिवापाड आवडायचं. चरक अजिबात आवडायचा नाही. बिचाऱ्याने मान हलवली.

प्रॅक्टिकल कॉम्प्युटरवर असायचं. विद्यापीठाने यंदापासून गणितं सोडवणारं एक मुक्त सॉफ्टवेअर अभ्यासाला लावलं होतं. ते फुकट मिळतं आणि आतून सगळ्यांना उघडं असतं. कुणीही बघावं, कुणीही सुधारावं. शिकवायला कुलथे मॅडम होत्या.

पहिल्याच तासाला मच्छिंद्रने टाइप केलं, 'कृपया या समीकरणाची उत्तरं काढून द्यावीत, ही नम्र विनंती.' पडदा लाल अक्षरांनी भरून गेला.

"अरे, विनंती कसली करतोस?" मॅडम म्हणाल्या. "सरळ हुकूम द्यायचा. 'सोडव.' 'काढ.' जादा एक शब्द नको."

"बरं मॅडम, ध्यानात ठेवतो," मच्छिंद्र म्हणाला. आणि ठेवलं.

दुपारी त्याला प्राचार्यांची सही हवी होती. तो केबिनमध्ये गेला, कागद पुढे ठेवला आणि म्हणाला, "सही कर."

प्राचार्य चष्म्यावरून बघत राहिले. मच्छिंद्रला वाटलं, हुकूम नीट पोचला नाही. त्याने पुन्हा दिला. "सही कर. दे."

प्राचार्यांनी दिलं, पण ते सहीपेक्षा बरंच मोठं होतं आणि बाहेर व्हरांड्यापर्यंत ऐकू आलं. मग मॅडमना बोलावणं गेलं.

"अरे देवा!" मॅडम म्हणाल्या. "आधी नमस्कार करावा, नाव-गाव सांगावं, मग काम सांगावं!"

"बरं मॅडम, ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी त्याने कॉम्प्युटर लावला आणि टाइप केलं, 'नमस्कार. मी मच्छिंद्र ढोकचौळे. स्टँडसमोरची रसवंती आमचीच. एक काम होतं.' लाल अक्षरं कालच्यापेक्षा जास्त आली. मच्छिंद्र घाबरून उभाच राहिला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "लाल अक्षरं दिसली की घाबरायचं नाही. आधी वाचायचं. मग वाकडं असेल ते सरळ करायचं आणि पुन्हा चालू करायचं."

संध्याकाळी हॉस्टेलच्या पाण्याच्या मोटरपाशी त्याला लाल अक्षरं दिसली. 'मोटर नादुरुस्त. चालू करू नये.' मच्छिंद्र घाबरला नाही. त्याने पाटी वाचली. पाटी एका बाजूला कलली होती, ती सरळ केली. मग मोटर चालू केली.

मोटर जळाली. मुलं आठवडाभर बिनआंघोळीची वर्गात बसली. शिक्षकांना काही फरक जाणवला नाही, ही गोष्ट वेगळी.

"दोष दिसला की लगेच हात कशाला घालायचा?" मॅडम ओरडल्या. "दोष काय, केव्हा होतो, काय केलं म्हणजे होतो, हे लिहावं आणि सगळ्यांना दिसेल असं लावावं. जगभर सॉफ्टवेअरवाले हेच करतात."

मच्छिंद्रने ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर कागद होता:

'दोष: विभागप्रमुख रोडगे सर शिकवता शिकवता बंद पडतात. केव्हा: शंका विचारल्यावर. पुन्हा घडवून बघायचं असल्यास: शंका विचारावी.'

खाली वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेलं होतं, 'आमच्याही वर्गात होतं.' प्राध्यापकांच्या खोलीतल्या एकाने हिरव्या शाईने लिहिलं होतं, 'जुना दोष आहे.'

रोडगे सर मॅडमवर घसरले. मॅडम रडकुंडीला आल्या. "बाबा रे, नुसती नावं ठेवून कुणाचं भलं होतं? कॉम्प्युटरवर दोष दिसला तर स्वतः दुरुस्त करावा. तपासून बघावा. कुणी काय बदललं ते खाली प्रामाणिकपणे लिहावं. आणि हे फक्त कॉम्प्युटरवर हं!"

"बरं मॅडम. फक्त कॉम्प्युटरवर."

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरगावचे परीक्षक आले. मुलांनी गणितं टाइप करायला घेतली आणि वीज गेली. ती परत आली तेव्हा वेळ संपली होती आणि कुणाच्याही पडद्यावर काही उरलं नव्हतं. परीक्षकांनी घड्याळ बघितलं, शेजारच्या खोलीत मांडलेल्या जेवणातल्या बासुंदीचा वास घेतला आणि म्हणाले, "मुलं हुशार दिसतात." मग कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या नावापुढे चाळीसपैकी अडतीस गुण भरले.

मॅडम मच्छिंद्रच्या कानाशी आल्या. "सुटलास रे बाबा! पास झालास. आम्ही जेवून येतो, तोवर या मशीनपाशी बस. आल्यावर गुण विद्यापीठाला पाठवायचेत."

मच्छिंद्रचे डोळे भरून आले. आता चरक सुटला, गणित आपलं झालं. तो खुर्चीत बसला आणि त्याची नजर पडद्यावर गेली.

गुण उघडेच होते. त्यात दोष होता.

मॅडम परत आल्या तेव्हा मच्छिंद्र हसतमुखाने उभा होता. "दोष होता मॅडम. उत्तर कुणाचंच आलं नव्हतं, तरी सगळ्यांना अडतीस. शून्य करून टाकले. दोनदा तपासले. खाली लिहिलं, 'बदल: मच्छिंद्र ढोकचौळे. कारण: वीज नव्हती. मार्गदर्शन: कुलथे मॅडम.' मग 'पाठवा' असा हुकूम दिसला. पाठवलं."

परीक्षकांना बासुंदीचा ढेकर येता येता राहिला. मॅडम मटकन खाली बसल्या.

"अरे, निदान स्वतःचे तरी राहू द्यायचेस!"

"असं कसं मॅडम? सुरुवात माझ्यापासूनच केली."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे वडील होते. "काय रं मच्छिंद्र, झाला का पास?"

"झालो होतो आबा," मच्छिंद्र आनंदाने म्हणाला, "पण मी ते दुरुस्त केलं."