आतली कडी

ही गोष्ट कोणत्या काळातली, ते आता कोणालाच नक्की सांगता येत नाही. पण फार जुनी आहे, एवढं खरं. डोंगराच्या कुशीत तटबंदीचं एक नगर होतं. तिथला राजा दुष्ट नव्हता, आळशीही नव्हता. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीची घाई असायची.

एका हिवाळ्यात नगरात चोऱ्या होऊ लागल्या. राजाने शिपायांच्या नाईकाशी उभ्या उभ्या बोलून लगेच हुकूम काढला. हुकूम लोकांना सांगायचं काम हरबाचं. तो डफ वाजवत आळीआळीतून दवंडी देत निघाला.

"ऐका हो ऐका! आजपासून कोणीही दाराला आतून कडी लावायची नाही. शिपाई केव्हाही, कोणत्याही घरात येऊन झडती घेतील. कडी लावेल त्याला शिक्षा होईल हो!"

विणकरांच्या आळीत येसाई नावाची विधवा बाई मागावर बसली होती. ती उठून दारात आली.

"हरबा, चोर बाहेर राहावा म्हणून तर कडी असते. मग ती काढायची कशासाठी?"

"मला काय ठाऊक, बाई? मला दिलेत ते शब्द मी सांगतो."

"बरं. आणि आम्हाला यावर काही म्हणायचं असेल, तर ते कोणापाशी म्हणायचं?"

इतकी वर्षं हरबा दवंडी देत होता, पण हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. पुढच्या आळीत गेला तरी त्याच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. कडी का काढायची? आणि लोकांचं म्हणणं जातं तरी कुठे?

हुकमावरून नगरात दोन तट पडले. कापडाचे व्यापारी नेमाशेठ हुकमाच्या बाजूचे. त्यांच्या घरी चोरी झाली होती आणि चोरांनी त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना ढकलून पाडलं होतं. ते पारावर उभे राहून म्हणायचे, "ज्याच्या मनात काळंबेरं नाही त्याला कडी कशाला हवी? कडीसाठी रडतात ते चोरांचेच सोबती!"

विणकर समोरून ओरडायचे, "शेठच्या दाराशी नोकर बसलेले असतात, त्याला कडीची काय किंमत! त्यानेच राजाचे कान भरले!"

येसाईने विणलेली लुगडी वर्षानुवर्षं नेमाशेठच्याच दुकानात जात. ते बंद झालं. मग गोष्ट शब्दांवर थांबेना. दारांना आतून कड्या लावलेल्या नव्हत्याच. एके दिवशी येसाई बाजारात आणि मुली परसात असताना कोणीतरी तिच्या घरात शिरलं आणि मागावरचा ताणा कापून गेलं. दुसऱ्या दिवशी नेमाशेठच्या घरावर दगड पडले.

हरबा दोन्हीकडे जाऊन आला. एका घरात येसाईच्या मुली तुटलेले धागे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या घरात शेठचे वडील भिंतीला पाठ लावून बसले होते आणि भांडं वाजलं तरी "कोण आहे?" म्हणून विचारत होते.

'दोन्ही घरं भ्यालेली आहेत,' हरबाच्या मनात आलं. 'मग ही एकमेकांनाच का भितात?'

तो येसाईकडे गेला आणि तिला पारावर यायला सांगितलं.

"मला त्या माणसाशी बोलायचं नाही," येसाई म्हणाली.

"त्यांच्याशी नका बोलू. मला सांगा. हुकूम मी ओरडून आलो, पण मला त्यातलं काहीच कळलेलं नाही. मला समजून घ्यायचंय."

नेमाशेठनाही त्याने हेच सांगितलं. समजून घ्यायला आलेल्या माणसाला दोघांनाही नाही म्हणवेना.

त्या दिवशी पाराभोवती अख्खं नगर जमलं. हरबा म्हणाला, "प्रधानजी मला हुकूम देतात, तेव्हा आधी तो माझ्याकडून म्हणवून घेतात. शब्द चुकला की पुन्हा म्हणायला लावतात. बरोबर आला की मगच बाहेर सोडतात. आज आपणही तसंच करू. समोरच्याचं म्हणणं आधी म्हणून दाखवायचं. तो 'हो, हेच' म्हणाला, की मग आपलं सांगायचं. शिवी देईल त्याची पाळी गेली."

नेमाशेठ हसले. "त्यात काय अवघड? येसाईचं म्हणणं असं, की घरात जे दडवलंय ते शिपायांना दिसू नये..."

"असं मी कधीच म्हटलेलं नाही," येसाई म्हणाली.

"मग काय म्हणालात?"

हे विचारून शेठ स्वतःच जरा चपापले. इतक्या दिवसांत त्यांनी तिला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

येसाई म्हणाली, "माझ्या घरात पुरुष माणूस नाही. दोन वाढलेल्या मुली आहेत. परवा थोरली न्हाणीत असताना शिपाई आत शिरला. चोर शोधतोय म्हणाला. त्याने वावगं काही केलं नाही. पण तेव्हापासून पोरगी घरात अंग चोरून वावरते. घरात कोणी यावं नि कोणी येऊ नये, एवढं तरी माझ्या हातात हवं ना?"

शेठनी एकेक वाक्य सांभाळून म्हणून दाखवलं. मुलीपाशी आल्यावर त्यांचा आवाज उतरला.

"हो, हेच," येसाई म्हणाली.

आता शेठची पाळी आली. "आमच्याकडे चोर शिरले तेव्हा आम्ही ओरडलो. शिपाई वेळेवर आले होते. चोर पळत जाऊन एका ओसाड घरात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली. मालकाला विचारल्याशिवाय दार कसं फोडायचं, म्हणून शिपाई बाहेर थांबले. तोवर चोर परसातून पसार झाले. बाबांना अजून झोप लागत नाही, बाई. कडी दिसली की मला तेच आठवतं."

येसाईने ते सगळं म्हणून दाखवलं. मग म्हणाली, "हे आम्हाला ठाऊकच नव्हतं."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"तुम्ही ओरडत होतात, शेठजी."

"ओरडत तर तुम्हीही होतात!"

लोक हसले, आणि ते दोघेही हसले.

मग प्रश्नांना तोंड फुटलं. ज्यांच्याकडे चोरी झाली ते राहतात कुठे? पाहिलं, तर सगळे पश्चिमेच्या तटालगत राहणारे. तिथेच का? कोणाला सांगता येईना. म्हणून नाईकाला बोलावलं. तो आधी टाळत होता. शेवटी म्हणाला, "पावसाळ्यात तटाचा तिकडचा भाग ढासळलाय. मी प्रधानजींकडे माणसं मागितली होती, मिळाली नाहीत. आता तर जी होती तीही घरोघरच्या झडतीला लागली आहेत."

"म्हणजे तट उघडा टाकून तुम्ही आमची घरं धुंडाळताय?" कोणीतरी किंचाळलं.

"आधी नाईकांचं म्हणणं म्हणून दाखवा," हरबा म्हणाला. ज्याने आवाज चढवला होता त्याने म्हणून दाखवलं, आणि म्हणता म्हणता त्याचा राग निम्मा उतरला.

ही बातमी प्रधानाच्या कानावर गेली. "राजाच्या हुकमाची चौकात चर्चा? हा तर राजद्रोह!" म्हणून त्याने हरबाला धरून दरबारात उभं केलं. पारावरचे लोकही मागोमाग आले आणि दाराशी थांबले.

राजा रागावलेला होता. "माझा शब्द लोकांपर्यंत न्यायचा, हे तुझं काम. त्यांचा शब्द गोळा करायला तुला कोणी सांगितलं?"

हरबा म्हणाला, "कोणीच नाही, महाराज. पण जाताना माझ्यापाशी तुमचे शब्द असायचे आणि येताना मी रिकामाच यायचो. ते मला बरं वाटेना."

राजाच्या कपाळावरची आठी तशीच होती, पण आता तिच्यात रागाबरोबर कुतूहलही होतं. "मग काय म्हणतात लोक?"

"आधी तुमचं म्हणणं सांगतो, महाराज. चुकलो तर सांगा. तुमच्या राज्यात माणसं लुटली गेली, एका म्हाताऱ्याला मार बसला, आणि चोर बंद दाराआड लपून निसटले. पुन्हा तसं होऊ नये आणि लोकांना सुखाने झोप लागावी, म्हणून तुम्ही कडी काढायला लावलीत."

राजा क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिला. हुकूम काढताना त्याच्या मनात हेच होतं, पण दवंडीत यातला एकही शब्द नव्हता.

"हो, हेच," राजा म्हणाला. "आता त्यांचं सांग."

हरबाने दाराकडे हात केला. "ते आलेत, महाराज. त्यांनाच विचारा."

राजाने लोकांना आत बोलावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा घाई केली नाही. तटाचं ऐकून त्याने प्रधानाकडे पाहिलं, प्रधानाने खाली पाहिलं. न्हाणीतल्या मुलीचं ऐकून राजा आसनावरून उठून उभा राहिला. तरी त्याने आपला मुद्दा सोडला नाही.

"पण खरंच एखाद्या घरात चोर लपला असेल, तर? शिपायाने कडीकडे बघत बसायचं?"

"नाही, महाराज," येसाई म्हणाली. "त्याने दार ठोठावावं, कशासाठी आलो ते मोठ्याने सांगावं, आणि शेजारच्या चार माणसांना साक्षीला घेऊन आत यावं. कारण खरं असेल तर आम्ही स्वतः दार उघडू."

"आणि उघडलं नाही तर?"

"तर शेजाऱ्यांसमोर फोडावं," नेमाशेठ म्हणाले. येसाईने थोडा विचार केला आणि मान डोलावली.

जुना हुकूम मागे घेतला गेला. ढासळलेला तट बांधून काढला, पहारेकरी आपल्या जागी परतले. चोऱ्या अगदी बंद झाल्या असं नाही, पण फार कमी झाल्या. येसाईचा ताणा ज्याने कापला होता तो ना विणकरांच्या बाजूचा निघाला, ना शेठच्या. तो होता भांडणाची मजा बघणारा एक रिकामटेकडा. त्याला आता पारावर कोणी ऐकून घेईना.

राजाने एक रीत घालून दिली. कोणताही हुकूम काढण्याआधी त्याचं कारण पारावर सांगायचं, आणि लोकांचं म्हणणं ऐकून मगच तो पक्का करायचा.

पुढच्याच उन्हाळ्यात तळ्याचं पाणी आधी शेतांना द्यावं की बागांना, यावर सभा भरली. येसाई एका बाजूला होती, नेमाशेठ दुसऱ्या बाजूला. दोघं जेवणवेळ होईपर्यंत वाद घालत राहिले आणि कोणीच मागे हटलं नाही. मग शेठ म्हणाले, "उरलेलं उद्या बोलू. आता घरी चला, बाबा जेवायला खोळंबलेत, आणि तुमच्या मुलींनाही बोलावलंय त्यांनी."

बाळगोपाळांनो आणि थोरामोठ्यांनो, यातून घ्यायचं ते इतकंच: जिथे लोक राज्यकारभाराविषयी माहिती घेऊन, न घाबरता आणि एकमेकांचा मान राखून बोलतात, तिथेच प्रत्येकाचा हक्क सुरक्षित राहतो.