एकदाच विचारलेली पोळी

एकदा एका वृद्ध कारागिराने आपल्या लाडक्या शिष्याला भरल्या घरात अर्धपोटी ठेवले, आणि तेही जाणूनबुजून.

हा कारागीर पेट्या घडवणारा होता. गाण्याच्या साथीला वाजते ती पेटी. लोक त्यांना अण्णा म्हणत. शिष्याचे नाव विश्राम. मिसरूड फुटण्याआधी तो अण्णांच्या कारखान्यात आला आणि तिथेच वाढला. अण्णांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, त्याला आपल्या हाताने जेवू घातले, अण्णांनी त्याचा कान तयार केला. पुढे तो कान असा तयार झाला की अण्णांनी स्वतः लावलेली पेटीसुद्धा विश्रामच्या कानावरून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती पडत नसे.

कामाबरोबर अण्णांनी त्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती. कुणी कौतुक केले की मान खाली घालायची आणि म्हणायचे, "थोडंफार येतं. अजून शिकतोय." गवई खूश होऊन पाठ थोपटत, विश्राम मान खाली घाली, आणि अण्णा समाधानाने विड्याचे पान जमवत बसत.

पण काळ बदलला. गावोगावची भजनी मंडळी विजेवर वाजणारी वाद्ये आणू लागली. कारखान्यात दोन माणसांना पुरेल इतके काम उरले नाही. अण्णा ते जाणून होते, विश्रामही जाणून होता. बोलत मात्र कुणीच नव्हते. अशात सातासमुद्रापलीकडच्या एका थंड देशातून बोलावणे आले. तिथे आपल्याच लोकांनी चालवलेली संगीतशाळा होती आणि तिला पेट्या दुरुस्त करणारा, नव्या घडवणारा माणूस हवा होता. अट एकच: त्या देशाने त्याला कुशल कारागीर म्हणून कामाचा परवाना दिला पाहिजे.

कागदपत्रे चोख होती. शाळेचे पत्र, पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, कशातही खोट नव्हती. विश्राम नवा सदरा घालून मोठ्या शहरात वकिलातीत मुलाखतीला गेला आणि काही दिवसांत नकाराचे पत्र आले. कारण एका ओळीचे होते: अर्जदार कुशल असल्याची खात्री पटली नाही.

संगीतशाळेने कळवले, पुन्हा अर्ज करा. मात्र या वेळीही जमले नाही तर आम्हाला दुसरा माणूस पाहावा लागेल. विश्राम कारखान्यात येऊन मटकन बसला.

"काय विचारलं त्यांनी?" अण्णांनी विचारले.

"हेच, की हे काम तुम्हाला कितपत येतं."

"मग?"

"मी म्हटलं, थोडंफार येतं. अजून शिकतोय. दुभाषी बाईंनी त्यांच्या भाषेत सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, तिथं एकट्यानं सगळं सांभाळाल का? मी म्हटलं, बघू, प्रयत्न करीन."

अण्णांनी हातातले काम बाजूला ठेवले. मग म्हणाले, "उद्या दुपारी जेवायला ये."

आता काकूंविषयी सांगितले पाहिजे. जेवताना ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून तूप सोडणारी ही माऊली. आपल्याकडे पाहुण्याच्या 'नको'चा अर्थ 'अजून दोनदा विचारा' असा असतो, आणि काकू तर चार वेळा विचारणाऱ्यांतल्या. विश्रामची भूक त्यांना पाठ होती. दोन पोळ्या झाल्या की तो 'नको, पुरे' म्हणे, काकू रागवत, आणि मग खरे जेवण सुरू होई.

दुसऱ्या दिवशी मटकीची उसळ होती, तव्यावरच्या गरम पोळ्या होत्या. दोन पोळ्या संपल्या. काकूंनी विचारले, "पोळी वाढू?"

"नको काकू, पुरे."

काकूंनी अण्णांकडे पाहिले, एक सुस्कारा टाकला आणि पोळी परत टोपलीत ठेवली. विश्राम चमकला. थोड्या वेळाने विचारणा झाली, "भात?"

"नको, झालं."

भाताचे पातेले आले तसे आत गेले. विश्रामला वाटले, काहीतरी बिनसले आहे. परवाना मिळाला नाही म्हणून अण्णा रागावले असतील. आपण या घराला जड झालो असू. तो ताटातली उसळ बोटाने सारत बसला. अण्णा मात्र सावकाश भात कालवून जेवत होते.

विश्राम हात धुवायला उठणार, तोच अण्णांनी विचारले, "पोट भरलं?"

"भरलं अण्णा."

"खरं सांग."

विश्रामच्या डोळ्यांत पाणी आले. "नाही," तो म्हणाला. "पण माझं काही चुकलं का? काकूंनी असं कधी केलं नव्हतं."

"तिनं काही केलं नाही, मी तिला बजावलं होतं," अण्णा म्हणाले. "बस. ऐक. या घरात तू नको म्हणालास तरी आम्ही वाढतो, कारण तुझी भूक आम्हाला ठाऊक आहे. गावात तू 'थोडंफार येतं' म्हणालास तरी लोक मान डोलावतात, कारण त्यांनी तुझी पेटी ऐकली आहे. आपली नम्रता समोरच्याच्या माहितीवर उभी असते, बाळा. वकिलातीच्या खिडकीपलीकडच्या त्या माणसानं तुझी पेटी ऐकलेली नाही. त्याच्याजवळ तुझ्या शब्दाशिवाय काही नाही. तू नको म्हणालास, त्यानं ताट उचललं. यात त्याचा काय दोष? त्यानं तुझ्या शब्दाचा मानच राखला."

"पण अण्णा, आपल्याच तोंडानं आपली थोरवी गायची? तुम्हीच तर शिकवलंत..."

"थोरवी कोण गायला सांगतंय? चढलेला सूर बेसूर, हे तुला कळतं. मग उतरलेला सूर काय सुरेल असतो का? आहे तितकंच सांग. जे येतं ते येतं म्हण, जे येत नाही ते येत नाही म्हण. आणि एकदाच सांग, कारण तिकडे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. त्यांचं प्रेम कमी असतं असं नाही. त्यांची रीत तशी आहे."

विश्राम खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने मान वर केली. "काकू," तो म्हणाला, "मला भूक लागली आहे. तीन पोळ्या हव्यात. आणि भातही."

"झालं का तुमचं शिकवून?" काकू अण्णांवर कडाडल्या. "मग व्हा बाजूला! लेकराला उपाशी बसवून शिकवतात होय कुणी?" आणि त्यांनी तिनाच्या पाच पोळ्या वाढल्या. त्यांना हा धडा कधीच मान्य झाला नाही.

दुसऱ्या मुलाखतीला साहेब निराळे होते, प्रश्न तोच. हे काम तुम्हाला कितपत येतं? विश्रामच्या जिभेवर जुनेच उत्तर आले होते. त्याने ते गिळले. मग शांतपणे म्हणाला, "मला पेटी लाकडापासून घडवता येते. मोडलेली दुरुस्त करता येते. सूर लावण्यात माझा हात चांगला आहे. विजेवरच्या वाद्यांतलं मला काही कळत नाही." दुभाषी बाईंनी सांगितले. तिथे एकट्यानं काम सांभाळाल का, या प्रश्नाला तो "हो" म्हणाला. बाहेर आल्यावर त्याचे कान तापले होते. इतके खरे बोलण्याची त्याला सवय नव्हती.

परवाना मिळाला.

निघण्याच्या दिवशी सकाळी तो कारखान्यात आला. बाहेर रिक्षा उभी होती. अण्णा एका जुन्या पेटीचा भाता उघडून बसले होते. काम असे काही नव्हते. हात रिकामा नको म्हणून बसले होते. विश्राम पाया पडला. त्याचा पाय निघेना.

"अण्णा, तुम्हाला जड जाईल का, मी गेल्यावर?"

"छे रे!" अण्णा भात्यावरून नजर न उचलता म्हणाले. "मला काय जड जायचंय? जा तू निवांत."

विश्राम क्षणभर थांबला. अण्णांनीच शिकवले होते, माणसाने दिलेल्या शब्दाचा मान राखावा. "बरं," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून दाराबाहेर पडला. रिक्षात एक पाय ठेवला असेल, तोच मागून हाक आली.

"विश्राम!"

तो धावत परत आला. अण्णांनी चष्मा काढून ठेवला होता.

"अरे, तिकडे एकदाच विचारतात," अण्णा म्हणाले, "पण इथं तरी दुसऱ्यांदा विचारायचंस."

विश्राम त्यांच्याजवळ जमिनीवर बसला. "अण्णा, जड जाईल का हो?"

"जाईल," अण्णा म्हणाले. "फार जड जाईल."

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. कुणीच लगेच उठले नाही.