हिरकूची थुंकी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आज्याच्या आज्याला दातही नव्हते तेव्हा, कालवखार गावात हिरकू नावाची कोळीण होती. बोंबील वाळवण्यात पटाईत, आणि जीभ बोंबलापेक्षा खारट.

एकदा इराणातनं गलबत आलं आणि त्यातनं याझदीनबाबा नावाचा ख्रिस्ती साधू उतरला. भर वादळात खजुराच्या पोत्यावर घोरत आला, असं म्हणतात. त्यानं गावाला येशूची गोष्ट सांगितली. हिरकूच्या नवऱ्यानं, पोशानं, बाप्तिस्मा घेतला. पोरीनं घेतला. हिरकू तेवढी अडकली.

त्याचं असं झालं, की तेव्हा पाण्यात उतरायच्या आधी मावळतीकडं तोंड करायचं. अंधार तिकडचा, म्हणून सैतानही तिकडचा. त्याच्यावर थुंकायचं, मग उगवतीकडं वळायचं आणि तीन बुड्या मारायच्या. बाकीचे डोळे मिटून थुंकले आणि घरी जाऊन दर्याची गुपचूप माफी मागून मोकळे झाले. हिरकूला ते जमेना.

"बाबा, तिकडं दर्या हाय. त्यानं पोसलं मला. त्याच्या तोंडावर थुंकू?"

"दर्यावर नाही गं, सैतानावर."

"सैतान तिकडं कशाला ऱ्हाईल? तिकडं बोंबील ऱ्हातात."

लोक फिसकन हसले. बाबा नाही हसला. "रीत ती रीत. तयार झालीस की ये."

दर रविवारी प्रार्थनेच्या घरात येशूच्या नावानं भाकर मोडून वाटून खायची वेळ आली, की बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर काढायचे. आत नवरा, आत पोर, आणि हिरकू दाराला कान लावून उभी. तिला बसवेना, उभं राहवेना. घरी येऊन चांगलं जाळं उसवायची आणि परत विणायची.

"मेल्यावर तुमी दोघं एकीकडं, नि मी एकलीच?" ती पोशाला म्हणायची.

"मग थुंक की बाये! केवढीशी ती थुंकी!"

अशी तीन वर्षं गेली. येशू मेल्यातनं उठला त्या सणाला बाप्तिस्मे व्हायचे; दर वर्षी पहाटे ती किनाऱ्यावर यायची, भांडायची आणि कोरडीच परत जायची. तिसऱ्या वर्षी भांडण इतकं लांबलं, की सूर्य डोंगरामागनं वर आला. मावळतीकडं तोंड करून हिरकू बोलतच होती. बोलता बोलता तिनं खाली बघितलं. वाळूवर तिचीच सावली, कमरेवर हात ठेवून भांडत होती.

हिरकू गप्प झाली. गाव घाबरलं, कारण असं कधी झालं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "दाराशी उभी ऱ्हाऊन मी म्हटलंय, अडकू दे भाकर यांच्या घशात. पोरीलासुदीक म्हटलंय. सैतान लांब नाय. ह्यो बघ."

आणि ती थुंकली. थेट आपल्या सावलीच्या तोंडावर.

तेव्हा भरओहोटी होती, असं म्हणतात. तरी दर्या वाळूवरनं धावत आला आणि तीनदा हिरकूच्या डोक्यावरनं गेला. शेजारी उभ्या बाबाची दाढीसुद्धा भिजली नाही. डोळे मात्र भिजले. त्यानं तिथंच भाकर मोडून तिच्या हातावर ठेवली. हिरकूनं भाकरीचे दोन तुकडे केले, पहिला पोरीला भरवला आणि तो घशाखाली उतरेपर्यंत तिच्याकडं बघत राहिली.

कालवखारात आजही बाप्तिस्मा सूर्य वर आल्यावरच होतो. ढग आले, की सावली पडेपर्यंत सगळे ताटकळतात आणि फादर घड्याळ बघत बसतात. मग मोठी माणसं मावळतीकडं तोंड करून आपापल्या सावलीवर थुंकतात. बाळाच्या सावलीवर मात्र कुणी थुंकत नाही. तिच्यात अजून काही शिरलेलं नसतं, असं म्हणतात.