चिमटीची शेंग आणि खुळखुळणारी जीप

पांघरूण घ्या हनुवटीपर्यंत. पाय आत. घेतलं? मग ऐका.

एक होती उंदरी. चिमटीत मावेल एवढी. म्हणून तिचं नाव चिमटी.

थंडीचे दिवस होते. दात कडकड वाजायचे. मग चिमटी कुठे झोपायची? अण्णांच्या जीपमध्ये. इंजिनाच्या उबेला. अण्णांना वाटायचं, जीप आपली आहे. वाटू दे बापडं!

चिमटीच्या उशाला एक शेंग होती. भुईमुगाची. चांगली तीन दाण्यांची. "उठू, तोंड धुऊ, शेंग खाऊ," असं म्हणून ती झोपली.

सकाळ झाली. चिमटीने कूस बदलली. शेंग घसरली. टक्! गेली खाली. पंख्याच्या फटीत अडकली. चिमटीचा हात काही पुरेना.

तेवढ्यात अण्णांनी किल्ली फिरवली.

खुर्रर्र... खुर्रर्र... खुळुक!

खुळुक वाजली ती शेंग. आणि गाडी गारठली होती. सुरूच होईना. पण झाली असती तर? पंखा फिरला असता गरगर गरगर. शेंगेचा झाला असता भुगा! चिमटीने हात जोडले.

"गाडीताई, गाडीताई, बॉनेट उघड. माझी शेंग दे."

"छे गं बाई! मी आपणहून उघडत नसते. अण्णा उघडतील, तेव्हाच उघडेन."

चिमटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

अण्णा सीटवर बसले होते. कानटोपी घातलेली. वरून मफलर. ऐकू काय येणार, कपाळ? तरी चिमटी ओरडली,

"अण्णा, अण्णा!
गाडी शेंग सोडीना,
मी आता काय खाऊ?
हा आवाज माझ्या शेंगेचा आहे हो!"

"शेंगेचा? काहीतरीच! बॅटरी गारठलीय. मला सगळं कळतं."

"मग बॉनेट उघडा ना!"

"मेस्त्री पान्हा धरतील, तेव्हाच मी उघडेन."

आणि पुन्हा किल्ली. खुर्रर्र... खुर्रर्र... खुळुक!

चिमटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

लतीफ मेस्त्री गॅरेजच्या पायरीवर बसले होते. शेकोटीपुढे हात शेकत होते.

"मेस्त्रीकाका, मेस्त्रीकाका!
अण्णा बॉनेट उघडीना,
गाडी शेंग सोडीना,
मी आता काय खाऊ?
हा आवाज माझ्या शेंगेचा आहे हो!"

"शेंगेचा? काहीतरीच! इंजिन उतरवावं लागणार. आख्खं इंजिन."

गाडी न बघताच सांगितलं. मोठे मेस्त्री ना ते!

"मग पान्हा धरा ना!"

"मावशी चहा देईल, तेव्हाच मी धरेन. चहाआधी पान्हा? तोबा तोबा!"

खुर्रर्र... खुर्रर्र... खुळुक!

चिमटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गोदामावशी टपरीवर आलं कुटत होती. ठक ठक ठक.

"मावशी, मावशी!
मेस्त्री पान्हा धरीना,
अण्णा बॉनेट उघडीना,
गाडी शेंग सोडीना,
मी आता काय खाऊ?
हा आवाज माझ्या शेंगेचा आहे हो!"

"शेंगेचा? काहीतरीच! सर्दी झालीय गाडीला. छाती बघ कशी खुरखुरतेय. आल्याचा चहा हवा बघ."

"मग कर ना चहा!"

"म्हैस दूध देईल, तेव्हाच मी करेन."

खुर्रर्र... खुर्रर्र... खुळुक!

चिमटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दमली बिचारी. पण थांबली नाही.

चांदी म्हैस गोठ्यात उभी होती. रुसून.

"म्हैसबाई, म्हैसबाई!
मावशी चहा देईना,
मेस्त्री पान्हा धरीना,
अण्णा बॉनेट उघडीना,
गाडी शेंग सोडीना,
मी आता काय खाऊ?
हा आवाज माझ्या शेंगेचा आहे हो!"

"शेंगेचा? काहीतरीच! हा भुकेचा आवाज. माझ्या पोटातही अस्साच येतो."

"मग दूध दे ना!"

"पेंड मिळेल, तेव्हाच मी देईन."

"कुठंय पेंड?"

"अण्णांच्या जीपमध्ये."

घ्या! आता ऐका गंमत. गोठा कुठे होता? जीपच्या अगदी मागे. मध्ये फक्त एक कूड, काटक्यांची भिंत. पोतं नुसतं ढकललं असतं तरी म्हशीपुढे पडलं असतं. पण अण्णांकडे जीप होती ना! जीप असताना पोतं कोण उचलतं? आधी जीप सुरू होणार. मग पुढे जाणार. मग वळणार. मग पों पों करत फाटकातून आत येणार. मग पेंड!

चिमटी मटकन खाली बसली. तिला रडूच आलं.

"म्हैस दूध देईना,
मावशी चहा देईना,
मेस्त्री पान्हा धरीना,
अण्णा बॉनेट उघडीना,
गाडी शेंग सोडीना,
मी आता काय खाऊ?"

आणि तेवढ्यात...

खुर्रर्र... खुर्रर्र... भुर्र... भुर्र... खुळुक!

अगं बाई! गाडी आता सुरू होणार! शेंगेचा भुगा होणार!

चिमटी ताडकन उठली. डोळे पुसले. "बास! आता कुणाला विचारायचं नाही."

टुण्णकन उडी मारली. जीपमध्ये चढली. पोत्याला दात लावले.

कुरतुड कुरतुड, कुरतुड कुरतुड.

पोत्याला भोक पडलं. सर्रर्र! पेंड सांडली थेट कुडापाशी. म्हशीने कुडातून मान घातली. मचमच मचमच!

मग काय!

म्हशीने पेंड खाल्ली, दूध दिलं.
मावशीने दूध घेतलं, चहा केला.
मेस्त्रींनी चहा प्यायला, पान्हा धरला.
अण्णांनी पान्हा पाहिला, बॉनेट उघडलं.
गाडीने आ केला, शेंग सोडली.

मेस्त्रींनी शेंग दोन बोटांत धरली. इकडून पाहिली. तिकडून पाहिली. "कचरा आहे," म्हणाले आणि दिली फेकून.

टप्! पडली चिमटीच्या पुढ्यात. आख्खी. तीन दाण्यांची.

एव्हाना ऊन वर आलं होतं. गाडीची थंडी पळाली होती. अण्णांनी किल्ली फिरवली.

भुर्रर्रर्र!

खुळुक नाही की फुळुक नाही.

"बघा! बॅटरीच होती," अण्णा म्हणाले.

"बघा! इंजिनातच होतं," मेस्त्री म्हणाले.

"बघा! आल्याचा चहा लागू पडला," मावशी म्हणाली. चहा मेस्त्रींनी प्यायला होता, बरं का.

"बघा! भूकच होती," म्हैस म्हणाली. आणि तिने ढेकर दिली.

अण्णा ऐटीत निघाले. पुढे गेले. वळले. पों पों करत फाटकातून आत आले आणि म्हशीपुढे पोतं ठेवलं. रिकामं!

आणि चिमटी काय म्हणाली?

चिमटी काहीच म्हणाली नाही. तिचं तोंड भरलं होतं.

शेंग सोलली, टरफलं उडाली, गोष्ट पोटात गेली. मिटा डोळे.